सतराव्या किलोमीटरवर

एम.एस्सी. करालीस म्हंजे नेमकं काय करालीस,
आत्यानं विचारलं, शेंगा फोडता फोडता.
मी म्हटलं, रस्त्यावर मेलेली जनावरं मोजते.
तिनं सूप खाली ठेवलं.
म्हणाली, बघायला येतील तेव्हा हे काढू नको.

राधानगरी सोडली की रस्ता जंगलात शिरतो.
पहाटे साडेचारला अल्फिया जमादारची स्कूटर,
वेग ताशी पंधरा, मागं मी,
कपाळावर बॅटरी, मांडीवर वही, दातांत पेन.
दाजीपूरपर्यंत तीन वेळा तरी ती विचारते,
तुला भूक कशी लागते गं, हे सगळं बघून?
लागते.

नियम असा :
शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा,
जागा लिहायची,
मग काडीनं उचलून कडेच्या गवतात टाकायचं,
उद्या परत मोजलं जाऊ नये म्हणून.
एकाचं मरण दोनदा धरायचं नाही.

बेडूक, एकतीस.
बेडूकच, पण कुठला ते टायरला माहीत, नऊ.
खापरखवल्या, दोन.
देवगांडूळ, एक. गांडूळ नव्हे. पाठीला कणा आहे, होता.
रातवा, एक. डांबर रात्री उशिरापर्यंत ऊब धरून ठेवतं
आणि त्याला वाटतं, आपल्यासाठीच कुणीतरी अंथरलंय.
(ही शेवटची ओळ घोरपडे मॅडमनी लाल पेनानं खोडली.)

घोरपडसुद्धा मिळाली एकदा.
मॅडमपुढं फोटो ठेवताना अल्फिया हसू दाबत होती.
मॅडम हसल्या नाहीत. चष्मा काढून बराच वेळ बघत राहिल्या.
बाहेर विद्यापीठाच्या माळावर मोर बोंबलत होते, जिवंत, बिनकामाचे.
‘बिचारी’ खोडा, म्हणाल्या, हा शब्द कोष्टकात बसत नाही.
आणि कडेला बारीक अक्षरात स्वतःच लिहिलं :
मादी? पोटात अंडी?

वाहतुकीची घनता : रात्री तासाला चौदा वाहनं.
त्यातलं एक आमचं.
संध्याकाळचं दूध घेऊन
पप्पांचा टेम्पो ह्याच रस्त्यानं उतरतो, दहाच्या सुमाराला.
‘अभ्यासक्षेत्र’ ह्या प्रकरणात मी हे लिहिलेलं नाही.

श्रावणातल्या एका रात्री ते घरी आले,
कॅनचं झाकण दोन्ही हातांत धरून, जसं नैवेद्याचं ताट.
झाकणात उदमांजराचं पिल्लू.
सतरावा किलोमीटर, म्हणाले, मोरीच्या अलीकडं.
माझ्याच चाकाखाली. लिही.

मी सांगितलं, आपल्या फेरीत आपल्याला दिसलं तरच धरायचं असतं.
बाहेरचं चालत नाही.
म्हंजे ह्याला मोजायचंच न्हाई?
पद्धत तशी आहे पप्पा.
ते काही बोलले नाहीत. परड्यात गेले.
कुदळीचा आवाज मात्र बराच वेळ येत होता,
एवढ्याशा जिवाला एवढा खड्डा कशाला.

भाद्रपदात सतराव्याचे आकडे घसरले.
अठराव्याला बावीस, सोळाव्याला एकोणीस,
सतराव्याला चार. मग दोन.
मी उतार मोजला, झाडोरा मोजला, मोरीतलं पाणी मोजलं,
रात्ररात्र कारण शोधलं.
अल्फियाला ते दूध संघातल्या तिच्या मामांकडून कळलं :
तुझे वडील रोज पंचवीस मिनिटं उशिरा येतात,
साहेबानं दोनदा पगार कापलाय.
म्हणे टेम्पो आडवा लावून, दिवे मालवून,
हातात खराटा घेऊन रस्ता झाडतात.

शेवटच्या प्रकरणात ‘अभ्यासाच्या मर्यादा’ नावाचा भाग असतो.
तिथं लिहिलं : किलोमीटर सतरावरील नोंदी
मानवी हस्तक्षेपामुळे ग्राह्य धरता येत नाहीत.
हे वाक्य मॅडमनी खोडलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी पेढे आणले पप्पांनी.
आत्याला दिले, शेजारी दिले, एक टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवला.
मग चपला घालता घालता, माझ्याकडं न बघता :
आता तुझी मोजणी संपली न्हवं?
हो.
मग मी उतरू का नको, तेवढं सांग.